नगरपालिकेची गिळणी

ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला कुणीतरी खाणारच. कुणी खायचं एवढाच काय तो प्रश्न असतो. आमच्या नगरपालिकेने तो कायमचा सोडवला. सभागृहात गिळणी लावली.

गिळणी म्हणजे माणसं खाणारी वेल. मनगटाएवढे देठ, धुण्याच्या बादलीएवढं तोंड, आत दातांच्या दोन रांगा (वरची थोडी पुढे आलेली आहे, पण माझ्या नणंदेचीही आहे, तिला कुणी राक्षस म्हणत नाही). माणूस मान डोलावतोय एवढंच तिला कळतं. मान वरखाली हलली की झडप. आडवी हलली तर शहाण्यासारखी मागे सरते.

इतकं गुणी झाड मी पाहिलेलं नाही. खत नको, पाणी नको, पसारा नाही. चपला तेवढ्या बाहेर टाकते, त्याही जोडीने. आमच्या घरात एवढी शिस्त कुणाला नाही.

लोक कमी व्हायला लागले तशी रीतसर चौकशी समिती नेमली गेली. निष्कर्ष असा: शंभरातले नव्वद जण साहेबांच्या बोलण्याला मान डोलावताना गेले, नऊ जण डोलावावी की नाही या विचारात अर्धी डोलावून गेले, आणि उरलेला एक नुसता पेंगत होता. अहवाल सभागृहातच वाचला. समितीला तो एकमताने मान्य झाला. समिती आता नाही.

वेल उपटायचा ठरावही आला होता. सगळ्यांना पटला, तिथेच घोटाळा झाला.

(साहेब सुखरूप आहेत. मान हलवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही.)

इथवर माझी काही तक्रार नव्हती. मग तिथेच नोकरीला असलेल्या माझ्या धाकट्या मुलाला बढती मिळाली. पुढच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या की मिळते तशी. नवी खुर्ची बरोब्बर वेलीखाली.

माझा धाकटा लाखात एक. जन्मात मला नाही म्हणालेला नाही. मीच तसा वाढवला आणि चारचौघांत मिरवला.

"हे बघ," मी त्याला बसवून सांगितलं, "उद्या साहेब काहीही म्हणोत, तू नाही म्हणायचं."

"हो आई."

"हो काय, मेल्या! नाही!"

"बरं आई." वर मान डोलावली.

"तुमचीच शिकवण, आई," सूनबाई इस्त्री करता करता म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून तिने माझ्यापुढे मान डोलावलेली नाही. ती अशा दहा गिळण्या पचवील. पण नवरा तिलाही हवा होता, म्हणून आम्ही दोघी पहिल्यांदाच एका कामाला लागलो. त्याच्या मानेला टॉवेल आवळून बांधला. तो टॉवेलसकट डोलला. सुनेने शर्टाची कॉलर लाकडासारखी कडक केली. तो कमरेतून डोलला.

दुसऱ्या दिवशी डबा विसरला म्हणून आम्ही दोघी सभागृहाच्या दारात हजर. (डबा मीच काढून ठेवला होता.) साहेब म्हणत होते, "वेल आल्यापासून कार्यालयात किती शांतता आहे, नाही का?"

धाकट्याची मान खाली गेली. वर यायच्या आत वेलीने त्याला खांद्यापर्यंत तोंडात घेतलं, चष्म्यासकट.

"अरे, नाही म्हण!" मी ओरडले.

आतून आवाज आला, "हो आई." वेलीने आणखी एक घोट घेतला. आता कमरेपर्यंत.

सुनेने त्याचे पाय धरले आणि माझ्याकडे पाहिलं. तशी ती माझ्याकडे कधी पाहत नाही. मग मी एक दीर्घ श्वास घेतला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाळा, उद्यापासून बायकोला तिच्या माहेरी धाड. आपण दोघंच राहू. तू आणि मी. जन्मभर!"

"नाही!"

"काय म्हणालास?"

"नाही, नाही, नाही! मेलो तरी नाही!"

आतल्या आत मान अशी आडवी हलायला लागली की वेलीला उचकी लागली आणि तिने त्याला थेट साहेबांच्या टेबलावर थुंकलं. सून हसत सुटली, रडायलाही लागली. मी दोन्ही केलं नाही. पोरगा वाचला, ठीक आहे. पण त्याने क्षणभर विचारसुद्धा केला नाही, हे मी विसरणार नाही.

साहेबांनी अंगावरचा चिकटा पुसत प्रयोग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. आता घरटी एक रोप, फुकट. वाटणारा माणूस आमच्याकडेही आला होता. सुनेने त्याला पायरीवरूनच परत पाठवला. तुमच्याकडे आला तेव्हा? फुकट आहे, राहू दे, म्हणून मान डोलावून घेतलंत ना? आणि ठेवलंत कुठे, तर नेहमी वाचत बसता त्या खुर्चीमागे.

आता हसू तरी नका. हसताना मान हलते.