लाल शाईतली कॅलस रजा

लाल शाईतल्या शेऱ्यावर खालच्यांनी शंका काढायची नाही, त्याच दिवशी तो अमलात आणायचा, असा हुकूम ज्या वरच्या कचेरीने काढला, तिच्या डोक्यात नुसता भुसा भरलाय. पुढचा सगळा घोळ तिचाच.

टायपिस्टबाईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी होतं. त्यांनी तीन दिवसांची रजा मागितली.

"डोळा आईचा ना? मग तुमचं तिथे काय काम?" साहेबांनी अर्ज भिरकावला. त्याला अडकवलेलं त्यांचं लाल पेनही सोबत उडालं.

दोन्ही उचलून बाई जागेवर आल्या. आदल्याच दिवशी त्यांनी लेकीकडून इंग्रजीचा एक शब्द पाठ करून घेतला होता. तोच त्यांनी त्या पेनाने अर्जावर आडवा ठोकला: कॅलस. दगडाच्या काळजाचा. मग तोंड धुवायला गेल्या. तेवढ्यात शिपाईमामांनी अर्ज उचलून हेडक्लार्कपुढे नेला.

लाल शाई पाहून हेडक्लार्क उठून उभेच राहिले. "मामा, कॅलस म्हणजे हो काय?"

"मला विचारताय? तीस वर्षं खुर्ची तुम्ही झिजवताय."

"हळू बोला की! रजेच्या अर्जावर लिहिलंय, म्हणजे रजेचाच प्रकार. नवीन निघाला असेल."

बाई परतल्या तर आदेशाचा मसुदा त्यांच्याच कीबोर्डवर पडलेला. 'आईच्या ऑपरेशनसाठी तीन दिवसांची कॅलस रजा मंजूर.' खरं सांगावं तर नोकरीवर गदा, गप्प बसावं तर आईजवळ जायला मिळतंय. त्यांनी मुकाट्याने टाइप केलं. साहेबांनी नेहमीसारखी न वाचता सही ठोकली. एक प्रत वर गेली.

सोमवारी बाई आल्या. आईला आता भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. आणि साहेबांच्या टेबलावर कॅलस रजेचे अकरा अर्ज होते. त्यातला एक हेडक्लार्कचा, मेव्हण्याच्या घराला रंग द्यायचा म्हणून.

साहेबांपुढे डिक्शनरी उघडी होती. "बाई, हा शब्द कोणाला उद्देशून होता?"

"आदेश रद्द करा ना, साहेब. फक्त का रद्द केला, ते वर लिहून कळवावं लागेल."

साहेबांनी डिक्शनरी मिटून खणात टाकली.

एवढ्यात शिपाईमामा वरच्या कचेरीचं पत्र घेऊन आले. अख्खं लाल शाईत. 'आजारी आईच्या सेवेसाठी कॅलस रजा, ही कल्पना उत्तम. आपल्या कचेरीतला सर्वांत कॅलस माणूस कोण, ते नाव आजच कळवा. जाहीर सत्कार करायचा आहे.'

बाईंनी कोरा कागद प्रिंटरला लावला.

"पाचच्या आत पाठवायचंय, साहेब. बोला, कोणाचं नाव टाकू?"