गार्डकाकांच्या गळ्यातली बाटली

गार्डकाकांच्या गळ्यात पाण्याची रिकामी बाटली असते. अर्ध्या लिटरची, प्लॅस्टिकची, सुतळीनं बांधलेली, आणि बुडाला तापल्या तारेनं पाडलेलं भोक. लग्न असो, सत्यनारायण असो, बाटली बरोबर. वरच्या खिशात दम्याचा पंप, बाजूच्या खिशात हिरवा रुमाल. आणि गंमत म्हणजे या माणसाला दमा नाही! दोन जिने चढून येतात आणि उलट मलाच विचारतात, "वहिनी, धाप का लागली?"

रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन आमच्या शेजारी आले, एकटेच. मूलबाळ नसावं असा आमचा समज. झाशीत मराठी घरं ती किती! मी हरखून पहिल्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, तर म्हणतात कसे, "वहिनी, तुमच्या फोडणीचा धूर खिडकीतून बाहेर जातो ना?" आता काय बोलावं!

कोपऱ्यावरचा भाजीवाला खोकताना दिसला की हे थांबलेच. "भैया, पंप लिया?"

"बाबूजी, पंप की लत लग जाती है. तबीयत ज्यादा बिगड़ेगी, तब लेंगे."

"चश्मे की लत नहीं लगी तुम्हें? उतारो, फिर तौलो आलू!"

मग तिथेच, भेंडीच्या ढिगाशेजारी शिकवणी. भाजीवाल्याचा पंप त्याच्याच पोत्याखालून काढायला लावायचा, बाटलीच्या बुडाच्या भोकात बसवायचा, बाटलीचं तोंड त्याच्या तोंडात. "दबाओ. धीरे खींचो. रोको!" काका एक ते दहा मोजणार आणि मग हिरवा रुमाल हलवणार. रुमाल हलल्याशिवाय श्वास सोडायची कोणाची बिशाद नाही. नुसता पंप तोंडात मारला की औषध जिभेलाच लागतं, बाटलीतून घेतलं की छातीत उतरतं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. पंपाला लावायची बाजारची नळी महाग पडते, म्हणून बाटली. स्वतःच्या खिशातल्या पंपाला मात्र कोणाला हात लावू देत नाहीत. त्याची मुदत संपली की नवा आणून ठेवतात.

आठवड्यातून एकदा पिशवीभर बाटल्या घेऊन टहरौलीकडच्या खेड्यांत जाणाऱ्या बसमध्ये बसतात. तिकडे बायका चुलीच्या धुरात जन्म काढतात, धाप वाढली की झोलाछाप, बिनडिग्रीच्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतात, दोन दिवस बरं वाटलं की सगळं बंद. दवाखान्यात पंप कधी असतो, कधी नसतो. काका आधी नर्सबाईंना फोन करून विचारतात, मगच बायकांना घेऊन जातात. औषध सोडलेली कोणी सापडली की यांचं वाक्य ठरलेलं: "सिग्नल हरा है, तो क्या ब्रेक निकालकर घर रख आओगी?" बायका पदर तोंडाला लावून हसतात. पुढच्या खेपेला त्यातल्या निम्म्यांनी पुन्हा सोडलेलं असतं. त्या दिवशी काका परतले की कोणाशी बोलत नाहीत.

मीही हसायचे. खरं तर मला हसायचं तोंड नव्हतं. माझ्या मुग्धाला लहानपणापासून दमा. पंप घेते, काकांच्या बाटलीतूनच घेते, पण बाहेर कळता कामा नये ही माझी सक्त ताकीद. इथे आपल्यातली स्थळं मुळात बोटांवर मोजण्याइतकी. ग्वाल्हेरचं एक जमत आलं होतं. मंडळी बघायला येणार त्या दुपारी मी तिचा पंप रव्याच्या डब्यात पुरला आणि म्हटलं, "तासभर कळ काढ."

चार माणसं दिसावीत म्हणून काकांनाही बोलावलं. बजावलं, "आज बाटली नको हं." हो म्हणाले आणि बाटली सदऱ्याखाली लपवून आले. पोट सुटलेलं दिसत होतं.

पोहे झाले, चहा झाला. मीच हौसेनं चार उदबत्त्या लावल्या होत्या. मुग्धा मान खाली घालून बसलेली. मुलाची आई तिला नोकरीचं विचारत होती आणि ही एकेका शब्दावर थांबत होती. पाहुण्यांना वाटलं, लाजतेय. काका ताडकन उठले.

"वहिनी, पंप कुठाय?"

"कसला पंप?" मी म्हणाले. देवाशपथ, मी असं म्हणाले.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जागच्या जागी मरावंसं वाटलं. मग सदऱ्याखालून बाटली काढली, खिशातला तो पंप काढला, कोणाला न देण्याचा, आणि सगळ्यांदेखत मुग्धाच्या तोंडाशी धरला. "ओढ, बाळ. धर. एक, दोन, तीन..." दहाला रुमाल हलला. पुन्हा. परत एकदा. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला.

ग्वाल्हेरची मंडळी "कळवतो" म्हणून गेली. अजून कळवताहेत.

काका खुर्चीतच बसून राहिले. रुमाल मांडीवर. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठे ठेवला होतात?"

"रव्याच्या डब्यात."

"मी गव्हाच्या कोठीत ठेवला होता," काका म्हणाले. "आमच्या सुमीचा. नागपूरचं स्थळ आलं होतं. मीच म्हणालो तिला, तासभर कळ काढ. फार गुणी पोर. काढली. पाहुणे उठेपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर मी कोठीत हात घालून शोधत राहिलो, वहिनी. गहूच हाताला येत होते."

माझा शब्द न् शब्द तोच. काका समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते, ओठ घट्ट मिटलेले, छाती हलत नव्हती.

मुग्धा उठली. त्यांच्या मांडीवरचा हिरवा रुमाल तिनं उचलला, त्यांच्या डोळ्यांसमोर धरून हलवला आणि म्हणाली, "काका, सोडा आता."