सरळ रेषेतले नळ

मास्तरांचं एक ठाम मत होतं. नकाशा हाताने काढायचा असतो, आणि तो हात मास्तरांचाच असायला हवा!

त्यांची उभी हयात शाळेत चित्रकला आणि भूगोल शिकवण्यात गेली होती. तोंड वर्गाकडे, पाठ फळ्याकडे, एक डोळा मागच्या बाकावरच्या खोडकरांवर, अशा थाटात ते खडू न उचलता अख्खा खंड काढायचे. किनारा असा झोकात वळायचा की पुढच्या बाकावरची पोरं भिजू नयेत म्हणून पाय वर घ्यायची!

त्यामुळे विद्यापीठाने निवृत्त माणसांना नवशिक्यांच्या वर्गात बसायची मुभा दिली, तेव्हा मास्तरांनी बेधडक 'जीआयएस' निवडलं. म्हणजे संगणकावर नकाशे करायचं शास्त्र. "त्यात शिकायचं काय आहे?" ते घरी म्हणाले. "खडूच्या जागी माउस, एवढंच!"

त्याच वर्गात त्यांची नात होती. घरात तिला सगळे चिमी म्हणत.

"आजोबा, वर्गात मला चिमी म्हणायचं नाही."

"बरं, चिमे."

"आणि मॅडमना मध्येच दुरुस्त करायचं नाही."

"त्या चुकल्या तर?"

"चुकल्या तरी!"

पहिल्याच दिवशी माउसने इंगा दाखवला. मास्तर तो सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला पोचले, पण पडद्यावरचा बाण अजून अर्ध्या वाटेवरच! "टेबल लहान आहे," मास्तरांनी तक्रार केली. चिमीने माउस उचलला, टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि इकडे तिकडे बघितलं, कुणी ओळखीचं हसत नाही ना म्हणून.

मॅडम मात्र छान शिकवायच्या. "समजा काचेवर काच ठेवली," त्या म्हणाल्या. "एका काचेवर रस्ते, दुसरीवर इमारती, तिसरीवर पाण्याचे नळ. वरून बघितलं की सगळं मिळून एक नकाशा." मास्तरांनी मान डोलावली. असा दाखला त्यांना स्वतःला सुचला असता तर बरं झालं असतं, असंही त्यांना वाटलं.

मग जोड्या पाडून काम मिळालं: विद्यापीठाच्या आवाराचा नकाशा. नव्या मुलांच्या स्वागताच्या दिवशी तो सगळ्यांच्या फोनवर जाणार होता. चिमीच्या वाट्याला जोडीदार म्हणून आले आजोबा. त्यांच्याबरोबर बसायला दुसरं कुणी तयारच नव्हतं! चिमीने ते गिळलं, कारण मॅडम सुट्टीत नदीच्या सर्वेक्षणाला जाणार होत्या आणि पहिल्या वर्षातून एकालाच नेणार होत्या. नकाशा बिनचूक झाला तर नदी चिमीची. मास्तरांना हे ठाऊक होतं. पोरगी झोपेतसुद्धा नदीबद्दल बोलायची.

चिमी फोन घेऊन आवारभर हिंडली. प्रत्येक नळापाशी, स्वच्छतागृहापाशी, प्रवेशाच्या खिडकीपाशी उभी राहून तिने जागा टिपल्या. नकाशावर ठिपके उमटले. मॅडमनी तपासून "पाठवून दे" म्हटलं.

"आजोबा, मी पुस्तक परत करून येते, मग पाठवू. कशाला हात लावू नका हं."

"छे छे! मी नुसता बघतो."

आणि बघितलं, तिथेच घोळ झाला!

कारण ठिपके वाकडेतिकडे होते. डब्यातून सांडलेल्या वाटाण्यांसारखे. एक नळ रस्त्याच्या कडेला, दुसरा त्याच्याकडे पाठ करून, तिसरा भलतीकडेच रुसून बसलेला. मास्तरांचा हात शिवशिवायला लागला. इतकी मेहनती पोरगी आणि नकाशा असा गबाळा? मॅडम काय म्हणतील? आणि तेवढ्यात त्यांना एक बटण दिसलं. त्यावर पेन्सिलीचं चित्र होतं.

पेन्सिल! अख्ख्या खोलीत ओळखीची म्हणावी अशी तीच एक वस्तू. मास्तरांनी ती दाबली, एका नळाला धरलं आणि ओढलं. नळ निमूटपणे सरकला. मग काय! त्यांनी सगळे नळ एका सरळ रेषेत उभे केले. स्वच्छतागृहं चार कोपऱ्यांत. प्रवेशाची खिडकी बरोबर मधोमध, कपाळावरच्या टिकलीसारखी. संगणकाने अदबीने विचारलं, बदल कायम करायचे का? मास्तर म्हणाले, हो. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मास्तर म्हणाले, "हो रे बाबा!" असा चौकस विद्यार्थी शाळेत असता तर त्याला त्यांनी वर्गप्रमुखच केलं असतं.

चिमी धावत आली, आणि तिच्या मागोमाग शिपाई, किल्ल्यांचा जुडगा वाजवत. "चला, चला! कुलूप लावायचंय!" चिमीने उभ्याउभ्याच बटण दाबलं आणि नकाशा गेला.

स्वागताच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून गेटपाशी उभे राहिले. कौतुक झालं तर जवळ असावं!

आधी त्यांना दिसली रांग. आवाराच्या मधोमध कारंजं होतं. त्याच्या हौदात एक गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते आणि त्यांच्या मागे काठापर्यंत माणसं.

"अहो, इथे कसली रांग?" मास्तरांनी जवळ जाऊन विचारलं.

"प्रवेशाची खिडकी! फोन इथेच दाखवतोय."

"पण खिडकी दिसतेय का?"

"अजून उघडली नसेल!" गृहस्थ म्हणाले. "तुम्ही मागून या."

तिकडे विजेच्या डीपीपाशी वायरमन घसा फोडून ओरडत होता. "अरे बाटल्या मागे घ्या! इथे पाणी नाही, करंट आहे!" कुलगुरूंच्या बंगल्यावर तर कहर झाला होता. मुली आणि त्यांच्या आया स्वच्छतागृह शोधत थेट दिवाणखान्यात पोचल्या होत्या. कुलगुरूंच्या बायकोने कुणालाच नाही म्हटलं नाही. भली बाई! पण खुद्द कुलगुरू टॉवेल खांद्यावर टाकून आपल्याच न्हाणीघराबाहेर नंबर लावून उभे होते!

मॅडमनी दोघांना बोलावलं. पडद्यावर नकाशा होता, देखणा, कवायतीला उभा असल्यासारखा.

"हे नळ असे रांगेत कसे आले?"

चिमीने नकाशाकडे बघितलं, मग आजोबांकडे.

"मी हलवले नाहीत," मास्तर पुटपुटले. "जरा नीट लावले."

"मास्तर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ठिपक्याशेजारचं नाव सरकवलं तर चालतं. पण ठिपका म्हणजे पत्ता. तो सरकवला की नळच सरकला."

"चूक माझी आहे. पोरीला शिक्षा नको. नदीचं तेवढं..."

"नकाशावर नावं दोघांची आहेत," मॅडम म्हणाल्या. "मूळ प्रत?"

"तिच्यावरच बदल झालेत," चिमी म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "पण चालून दुरुस्त होईल. पुन्हा सगळीकडे जाते."

आणि दोघं निघाली. चिमी पुढे, मास्तर मागे. प्रत्येक जागी मास्तरांनी फोन धरून उभं राहायचं आणि चिमीने गर्दी बाजूला करून जागा तपासायची.

"हलू नका!"

"श्वास घेऊ का?"

"घ्या. पण हळू."

"चिमे, रागावलीस?"

"हो."

"नदीला नेणार नाहीत का गं?"

"माहीत नाही. हलू नका म्हटलं ना!"

पहिला नळ रस्ता सोडून आत होता. का? मास्तरांनी वाकून बघितलं, तर रस्त्याच्या कडेला झाडाचं जाडजूड मूळ होतं. कुणीतरी मूळ न तोडता नळ आत घेतला होता. दुसरा नळ भिंतीमागे होता, कारण तिथे दुपारची सावली पडायची. स्वच्छतागृह तिरकं होतं, कारण सांडपाण्याचा उतार तिकडे होता. प्रत्येक वाकड्या ठिपक्याला विचारायला हवं होतं, बाबा रे, तू असा का? आणि आपण? न विचारताच कान धरून रांगेत उभा केला!

शेवटी शेवटी गुडघे बोलायला लागले. एका झाडाखालच्या दगडावर ते मटकन बसले. चिमी थांबली. तिने त्यांच्याकडे बघितलं, पाण्याची बाटली पुढे केली आणि फोनवर काहीतरी दाबलं.

"काय केलंस?"

"काही नाही. नोंद."

लोक भटकतच होते, म्हणून चिमीने नवा नकाशा लगोलग सगळ्यांना पाठवला आणि मग मॅडमना दाखवला. मॅडम एकेक ठिपका उघडून बघत होत्या. नळ, खिडकी, स्वच्छतागृह. सगळं वाकडं, सगळं बरोबर. मग त्या थबकल्या.

"हे काय? 'आजोबा'?"

चिमी लाललाल झाली. "मॅडम, ते तिथे बसले होते. जे जिथे होतं, ते लिहिलं."

मॅडम चष्मा काढून हसल्या. हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे बूट आहेत का?"

"कसले?"

"चांगले मजबूत. काठावर चिखल असतो."

चिमीला समजायला एक क्षण लागला. मग ती किंचाळली आणि भर प्रयोगशाळेत तिने आजोबांच्या गळ्यात हात टाकले. कोण बघतंय, हे बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी निघाले होते. जाता जाता त्या दगडावर क्षणभर टेकले. एवढ्यात एक मुलगी फोनकडे बघत बघत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही आजोबा ना? नकाशात आहात तुम्ही! वाचनालय कुठे आहे हो?"

मास्तरांनी तिला रस्ता सांगितला. खुणांसकट, उतारासकट. ती गेल्यावर ते गुडघ्यांवर हात ठेवून उठू लागले. पण समोरून फोन पुढे धरून आणखी तिघं येत होती, सरळ त्यांच्याच रोखाने.

मास्तर मुकाट्याने परत खाली बसले. ठिपका हलवायचा नसतो!