प्वारिए ऊर्फ लाफ्लर

होणाऱ्या नातसुनेचं कूळ आपण स्वतः शोधून काढणार, असं गंगाराम वालावलकरांनी भर ओटीवर जाहीर केलं, आणि जाहीर केल्याबरोबर त्यांना घाम फुटला. उभ्या आयुष्यात त्यांनी चार माणसांपुढे काही जाहीर केलेलं नव्हतं. कुडाळच्या वाचनालयात नोकरीला असताना ते पुस्तकांवर शिक्कासुद्धा हळू मारत.

पण गोष्ट तशीच होती. नातू अनिश कॅनडातल्या क्वेबेकच्या एलोडीशी लग्न करत होता. लग्न वालावलला. लग्नाआधी देवळात लक्ष्मीनारायणाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांदेखत साकडं, घालायचं होतं, आणि गाऱ्हाणं घालणारे गावचे मानकरी शंकर येऊन मुलीविषयी सांगून गेले होते, "चेडू खंयचा, कोणाचा, ता देवाक कळाक होया."

"परदेशी आसा म्हणान सांग," कोणीतरी म्हणालं. ते गंगारामांना लागलं. आपली नातसून नुसती परदेशी?

क्वेबेकच्या चर्चमधल्या जुन्या नोंदी संगणकावर मिळतात. फ्रेंच शब्दकोश मांडीवर घेऊन गंगाराम त्यांत शिरले, ते इतके की त्यांना जेवायलाही हाका मारून बाहेर काढावं लागे. एलोडीचा बाप प्वारिए, आई लाफ्लर. तिकडे बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते. आणि जुन्या घराण्यांना चक्क दोन-दोन आडनावं!

"गो, त्येंच्यात पण ऊर्फ आसा," त्यांनी बायकोला अभिमानाने सांगितलं.

"मगे माणसां बरी असतली," सुभद्राबाई म्हणाल्या.

लग्नाच्या आदल्या सकाळी मात्र एक नोंद सापडली आणि गंगारामांनी ती तीनदा वाचली. 'प्वारिए ऊर्फ लाफ्लर.' म्हणजे बापाचं आणि आईचं कूळ एकच! भावबंदांत लग्न! त्यांनी ते सुभद्राबाईंच्या कानात सांगितलं आणि कोणाजवळ बोलू नकोस म्हणून बजावलं. सुभद्राबाईंनी फक्त सुनेला सांगितलं. सून शर्मिला मासे घ्यायला गेली, तिथे ती फक्त एकीजवळ बोलली. दुपारी शंकर ओटीवर हजर झाले तेव्हा मुलीचे आईबाप सख्खे बहीणभाऊ झाले होते आणि त्यांचं लग्न लावणारा पाद्री पळून गेला होता.

"काकांनू, ह्या काय आयकतंय मी? असल्या घराचा गाऱ्हाणा मी घालूचंय नाय."

गाऱ्हाणं नाही, तर लग्न नाही. गंगारामांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. त्यात लग्नासाठी आलेली एलोडीची आई आत हौसेने नारळ खवत बसलेली. शेवटी अनिशने तिलाच बाहेर आणून फ्रेंचमध्ये विचारलं. बाई इतकी हसली की हातातली नारळाची कवड खाली पडली.

"ती म्हणते," अनिशने सांगितलं, "फ्रान्सहून आलेल्या शिपायांना पलटणीत एकेक जादा नाव मिळायचं. लाफ्लर म्हणजे फूल. तसला एक लाफ्लर जवळजवळ प्रत्येक पलटणीत होता. त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. कोणाच्या वंशजांनी मूळ आडनाव ठेवलं, कोणी ऊर्फ ठेवलं."

"पण आडनाव एक म्हटल्यावर..." गंगाराम पुटपुटले.

"म्हटल्यावर काय?" सुभद्राबाई पदर खोचून पुढे आल्या. "माझ्या म्हायेरचा आडनाव काय, सांगा बघू सगळ्यांका."

गंगारामांनी चष्मा पुसायला घेतला. "वालावलकर."

"माझो आजो परब, तुमचो आजो प्रभू. मुंबैक गेल्यार दोघांनीव गावाचा नाव लावल्यानी. मगे आता मी तुमची कोण?"

ओटी हसून हसून आडवी झाली. शंकरांनी खांबाचा आधार घेतला.

दुसऱ्या दिवशी देवळात शंकरांनी "प्वारियेंचा चेडू, लाफ्लरांची भाची" असं एकदाही न अडखळता सांगितलं, तेव्हा गंगारामांची छाती फुलली. नातसून नुसती परदेशी नव्हती. देवाला तिचं कूळ कळलं होतं, आणि ते आपण कळवलं होतं.

"आणि आमच्या गंगारामकाकांका," शंकर त्याच सुरात पुढे म्हणाले, "परत कोणाचा कूळ शोधूची बुद्धी होव नये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांनी म्हटलं. छाती फुललेल्या गंगारामांनीही म्हटलं, जन्मात पहिल्यांदाच सगळ्यांपेक्षा मोठ्याने.