पडदेवाले सबनीस

शनिवारी सकाळी नऊनंतर कुणाच्या घराचे पडदे बंद दिसले, की सबनीसकाका त्या घराची बेल वाजवत. दार उघडणाऱ्या माणसाला आपादमस्तक न्याहाळत, "ठीक आहात ना?" एवढं विचारत आणि उत्तर पुरं व्हायच्या आत पुढच्या घराकडे वळत.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधला आमचा रस्ता ऐंशीच्या दशकात आठवडाभर पहाटे उठून न्यूयॉर्कची ट्रेन गाठायचा. शनिवार झोपेचा होता.

काकांच्या तोंडी सतत "आमच्या गावात" असे. नवा माणूस सातारा समजे, फार तर वाई. गाव होतं इंग्लंडमधलं. एक चर्च, एक पब, एक पोस्ट, बाकी मेंढ्या. जवळच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात काकांनी इंजिनिअर म्हणून नोकरी केली. काकू गेल्यावर मुलानं त्यांना इकडे आणलं. पुढे मुलाला टेक्ससमध्ये नोकरी लागली. तो गेला, काका राहिले.

गावचे नियम त्यांनी आमच्या रस्त्याला लावले. फिरायला निघाले की समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत. लिफ्ट हवी असेल म्हणून माणूस गाडी थांबवी. काका खिडकीशी वाकून आजच्या हवेबद्दल दोन वाक्यं बोलत आणि चालू लागत.

"काका, बसताय ना?"

"छे! फिरायला निघालोय."

माझी बायको नीला एकदा वैतागली. "काका, वीकेंडला तरी झोपू द्या हो."

"झोपा की. पडदे उघडून झोपा."

आमची मुलगी जिन्यावरून ओरडे, "मॉम, कर्टन काका इज हिअर!"

शेवटी कोपऱ्यावर नव्यानं आलेल्या अमेरिकन कुटुंबानं पोलिसांना फोन केला. पोलीस सभ्य होता. आमच्या गावातला पोलीस सायकलवर यायचा, हे त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग, यापुढे बेल वाजवू नका, असं सांगितलं. काकांनी ते तंतोतंत पाळलं. रस्ता शनिवारी झोपू लागला.

पुढे एका शनिवारी काकांचेच पडदे बंद होते.

"साडेनऊ झाले," खिडकीतून बघत नीला म्हणाली. "जाऊन ये ना. दाढी राहू दे!"

मी बेल वाजवली. दार लगेच उघडलं. काका कोट-टायमध्ये होते. टेबलावर लोकरीच्या टोपीखाली किटली आणि दोन कप.

"आमच्या गावात नऊलाच आले असते," ते म्हणाले.

चहा ओतता ओतता त्यांनी सांगितलं. एकदा ते कारखान्याच्या कामानं बाहेरगावी असताना कुसुमकाकू स्वयंपाकघरात पडल्या, उठता येईना. सकाळी पडदे बंद दिसले म्हणून शेजारच्या बाईंनी दार वाजवलं, मग तोडवलं.

"त्यानंतर कुसुम पुष्कळ वर्षं होती," काका म्हणाले. "इथे कुणी येतं का, तेवढं बघायचं होतं."

मी पडदे उघडायला उठलो.

"थांबा," काका म्हणाले. "कोपऱ्यावरच्यांना अजून दहा मिनिटं देऊ."

आणि त्यांनी कपाटातून तिसरा कप काढला.