ओळीला कुलूप

चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी एक कपाट मागवलं होतं. सकाळी ते आलं. दुपारी तसलंच दुसरं आलं आणि जिन्याच्या वळणावर असं रुतून बसलं, की आजोबा वर आणि त्यांचं जेवण खाली राहिलं.

“तुमच्याच प्रोग्रॅमचा प्रताप ना हा?” कपाट-कंपनीचे थोरले मालक प्रोग्रॅमरबाईंच्या टेबलाशी येऊन म्हणाले.

“माझ्या प्रोग्रॅमला कुलूप होतं. ते तुम्ही दोघा भावांनी काढायला लावलंत.”

खोटं नव्हतं. काम लवकर उरकावं म्हणून एकाच प्रोग्रॅमच्या दोन प्रती ऑर्डरींच्या एकाच यादीवर बसवल्या होत्या. एकीनं ऑर्डर उचलली, की गाडी धाडून होईपर्यंत त्या ओळीला कुलूप. दुसरीनं ती सोडून पुढची ओळ घ्यायची, अशी बाईंची शिस्त. पण ‘कुलूप’ म्हटल्यावर मालकांना दुकान बंद पडल्याचा भास झाला. कुलूप गेलं. तेव्हापासून दोन्ही प्रतींना तीच ऑर्डर शिल्लक दिसे आणि दोन्ही मन लावून गाडी धाडत.

“कुलूप परत घालू द्या.”

“तो शब्द पुन्हा काढाल तर घरी जाल.”

“कुलूप,” बाई म्हणाल्या.

थोरल्यांनी त्यांना तिथल्या तिथे काढून टाकलं. बाई डबा पिशवीत भरत होत्या, तेवढ्यात धाकटे मालक आले आणि भावाला न विचारता त्यांनीही काढून टाकलं.

“एकदा काढलंय मला,” बाई म्हणाल्या. “दोनदा पाठवायला मी काय कपाट आहे?”

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. “नोकरी गेली म्हणे?”

“दोनदा.”

“माफी मागून टाक.”

“कशाबद्दल?”

“ते काय, नंतर ठरवता येतं.”

“मी बरोबर आहे, आई. मागणार नाही.”

इकडे आजोबांकडचं जादा कपाट परत आणायचा हुकूम सुटला. तोही अर्थात दोन्ही प्रतींनी पाळला. पहिल्या गाडीनं जिन्यातलं कपाट नेलं. दुसरीला जिन्यात काही दिसेना, तेव्हा तिनं घरातलं नेलं, आजोबांच्या कपड्यांसकट. आता आजोबा पंचा गुंडाळून फोनवर होते.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ, एकमेकांना न सांगता, बाईंना परत न्यायला एकाच वेळी त्यांच्या दारात उभे राहिले. बाईंनी थोरल्यांना आत घेतलं आणि धाकट्यांच्या नाकासमोर कडी लावली.

“अगं, मालक आहेत ते,” सासूबाई कुजबुजल्या.

“आतलं काम मिटेपर्यंत कडी निघायची नाही. त्यांना सांगा, पुढचं काम घ्या.”

सासूबाईंनी खिडकीतून निरोप जसाच्या तसा दिला. बाहेर बरीच पुटपुट झाली, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आत थोरल्यांनी घासाघीस करून पाहिली. कुलपाऐवजी ‘आरक्षण’ म्हणू या का, असंही सुचवलं. बाई हलल्या नाहीत. शेवटी कुलूप आणि नोकरी, दोन्ही कबूल करून ते बाहेर पडले.

“धाकटा कुठे गेला?”

“त्या आजोबांचे कपडे पोचवायला,” सासूबाई म्हणाल्या.

थोरले पायरीवरच थबकले. दोघे भाऊ एकाच वेळी दोन वेगळी कामं करताहेत, हे कंपनी निघाल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं.