कालव्याचे पाळीपत्रक अडले त्या मधल्या दाराची हकिकत

श्रीविघ्नहर्ता प्रसन्न असो, लिहित्याचा हात आणि वाचित्याचे डोळे शाबूत असोत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ वद्य पंचमीचे वर्तमान ऐसे जे, कालव्याच्या राज्यात पाणीवाटपाचे पाळीपत्रक एका नव्या ड्राइव्हात ठेविले, आणि कारभारी खंडेराव यांनी तो ड्राइव्ह सदरेच्या लिनक्स यंत्रास जोडून नेटवर्कावाटे सर्व चौक्यांस खुला केला. शेवटल्या चौकीवर पाटकरी बहिरजी होते. दोन प्रहरी पाळी बदलावयाची, आणि पत्रक पाहिल्याविना चारीचे गेट उचलू नये हा कायदा. बहिरजी ड्राइव्ह उघडू गेले तो उत्तर आले, परवानगी नाही. मग फोन करून म्हणाले, "कारभारी, आम्हांस आत घेत नाही हो. गव्हाने माना टाकल्या, आज पाणी चुकले तर गावाच्या हाती काडच राहील." मग खंडेरावांनी आतले फोल्डर सर्वांस मोकळे केले, आणि बहिरजींचा पासवर्ड तीनदा बदलिला, आणि फायरवॉलचा पहाराही उठविला, आणि दर वेळी आपल्या नावे आत शिरून बोलिले, "आम्हांस तर उघडते. चौकीचेच काही बिघडले." आडात भरपूर आणि पोहऱ्यात थेंब नाही, ऐसी गत जाहली.

तेव्हा दफ्तरदार सगुणाबाई उठल्या. बाईंचे बोलणे थोडे, पाहणे फार. त्या बहिरजींच्या नावे यंत्रात शिरल्या आणि बाहेरून एकेक फोल्डर उघडीत चालल्या, आणि तिसऱ्या दारी अडल्या. ड्राइव्ह जोडतेवेळी यंत्राने ते दार एकट्या खंडेरावांच्या नावे केले होते. आतले दालन सताड उघडे, वाट मात्र बंद. बाई म्हणाल्या, "कारभारी, आपण आपल्याच किल्लीने कुलूप पारखीत होता." खंडेराव खजील जाहले, परंतु रागावले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा लिहिला पाहिजे. मग बाईंनी ड्राइव्ह सोडविला, आणि सामाईक जागी फिरोन जोडिला, आणि पाटकऱ्यांचा गट करून त्यांस तेवढी वाट दिली, आणि घाईत सर्वांस दिलेली मोकळीक काढून घेतली, आणि पहारा पुन्हा बसविला. अडचण सरल्यावर उघडी दारे आठवणीने लावणारी माणसे आम्ही थोडी पाहिली. बाईंस आमचा मुजरा आहे. बारांस पाच कमी असता बहिरजींचा फोन आला, "बाई, उघडले. गेट उचलतो."

सारांश, पाणी शेवटल्या बांधास लागले आणि गहू वाचला. तेव्हापासोन सदरेत चाल पडली की, नवे दार बसविले म्हणजे ते प्रथम शेवटल्या चौकीच्या नावे उघडून पाहावे. आणि पाहावयास खंडेराव स्वतः बसतात. इतके लिहून दौत झाकिली.